टोपी नवी आली, म्हणून धुणं कमी करायचं?

पत्र

मी एका रुग्णालयाच्या एंडोस्कोपी युनिटमध्ये इनचार्ज सिस्टर आहे. अलीकडे आमच्याकडे ईआरसीपीच्या, म्हणजे दुर्बिणीतून पित्तनलिकेवर करायच्या प्रोसिजरच्या, स्कोपसाठी (शरीरात घालायच्या दुर्बिणीसाठी) टोकाच्या डिस्पोजेबल टोप्या आणि बाकी स्कोपसाठी एकदाच वापरायचे व्हॉल्व्ह येऊ लागलेत. तेव्हापासून दोन गोष्टींवरून रोज वादावादी होते. सर म्हणतात, "घाण अडकते तो भागच आपण फेकून देतो, मग धुण्यात एवढा वेळ कशाला? लिस्टमध्ये दोन केसेस वाढवा." स्टोअरचा निरोप नेमका उलटा: "व्हॉल्व्ह वापरून झाला तरी नव्यासारखाच दिसतो. धुवा, सायडेक्समध्ये (जंतुनाशक द्रावणात) बुडवा, पुन्हा लावा. साठा संपत आलाय." मधे काही दिवस बायोप्सी व्हॉल्व्ह तसे धुऊन वापरलेही गेले. माझा टेक्निशियन कामाला चांगला आहे, पण कुणाचं ऐकावं हे त्याला कळेनासं झालंय. मी नाही म्हटलं की 'सिस्टर अडवणूक करतात' असं ऐकावं लागतं. यात बरोबर काय? आणि ते धुतलेले व्हॉल्व्ह ज्या पेशंटना लागले, त्यांच्याबाबत काही करायला हवं का?

— एक इनचार्ज सिस्टर

उत्तर

सिस्टर, दोन्ही सूचना पाळू नका. एकीत डिस्पोजेबल भागावर नको इतका भरवसा आहे आणि दुसरीत त्याच भागाला काडीचीही किंमत दिलेली नाही. एकाच इमारतीत, एकाच आठवड्यात हे दोन्ही बोललं जातं यात मला नवल वाटत नाही. डिस्पोजेबल वस्तू आली की सगळे तिच्याकडेच बघतात. ती ज्या स्कोपला लागते तो स्कोप मात्र तोच, जुनाच असतो.

आधी सरांच्या मुद्द्याकडे येते, कारण त्यात अर्धं खरं आहे आणि अर्धं खरं खोडून काढणं जास्त कठीण.

ईआरसीपीचा स्कोप, म्हणजे ड्युओडेनोस्कोप, समोर न बघता बाजूला बघतो. त्याच्या टोकाशी एलिव्हेटर असतो. डॉक्टर वरून लिव्हर फिरवतात तसा तो उचलला जातो आणि वायर पित्तनलिकेच्या तोंडाकडे वळते. या एलिव्हेटरच्या मागे एक अरुंद खाच आहे. जुन्या मॉडेलमध्ये टोकावरचं आवरण कायमचं बसवलेलं असायचं, त्यामुळे त्या खाचेत ब्रश सरळ जायचाच नाही. एलिव्हेटर वर करून घासायचं, खाली करून घासायचं, पुन्हा मधोमध धरून पाण्याचा फवारा मारायचा, आणि एवढं करूनही आत काय राहिलं ते डोळ्यांना दिसायचं नाही. २०१५ च्या फेब्रुवारीत लॉस एंजेलिसच्या यूसीएलए रुग्णालयाने १७९ पेशंटना कळवलं, की ईआरसीपीच्या वेळी तुमचा सीआरईशी, म्हणजे कार्बापेनेमसारख्या राखीव अँटिबायोटिकलाही दाद न देणाऱ्या जंतूंशी, संपर्क आला असू शकतो. आपण कंपनीच्या सूचनांप्रमाणेच स्कोप साफ करत होतो, असं त्या रुग्णालयाचं म्हणणं होतं. त्या प्रकरणाने सगळ्यांची झोप उडाली ती यामुळेच. निष्काळजीपणा सापडला असता तर निष्काळजी माणसाला बाजूला करून प्रश्न मिटला असता. इथे बोट दाखवायची वेळ आली ती वस्तूच्या रचनेकडे.

म्हणून टोकाचं आवरण काढता येईल असे स्कोप आले. काही मॉडेलमध्ये फक्त टोपी निघते आणि एलिव्हेटर उघडा पडतो, तर काहींत एलिव्हेटर टोपीतच असतो आणि तिच्याबरोबर कचऱ्यात जातो. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, ऑगस्ट २०१९ मध्ये रुग्णालयांना अशा स्कोपकडे वळायला सांगितलं. जून २०२२ मध्ये त्यांनी जे आकडे दिले ते सरांना जरूर दाखवा: जुन्या ड्युओडेनोस्कोपमध्ये नीट साफ केल्यानंतरही दूषित सापडण्याचं प्रमाण ६ टक्क्यांपर्यंत होतं, आणि काढता येणारे भाग असलेल्या एका मॉडेलच्या अंतरिम निकालात ते ०.५ टक्के आलं. तेव्हा टोपीचा फायदा खरा आहे, आणि तो सर मानतात हे चांगलंच आहे.

आता त्या ०.५ टक्क्याचा नीट अर्थ लावू. हा आकडा टोपी काढून, उघडा पडलेला भाग घासून, स्कोप पूर्ण धुऊन, जंतुनाशकातून काढून मग घेतलेल्या नमुन्यांचा आहे. टोपीमुळे ब्रशला वाट मिळाली, इतकंच झालं. ब्रश फिरवायचं काम तुमच्या टेक्निशियनकडेच राहिलं. धुण्याचा वेळ कापला की हा आकडा तुमच्या युनिटला लागू होत नाही.

शिवाय टोक म्हणजे पूर्ण स्कोप नव्हे. सक्शनची नळी टोकापासून हँडलपर्यंत येते, बायोप्सीच्या तोंडाशी (जिथून तुकडा काढायची अवजारं आत घालतात तिथे) तिला फाटा फुटतो, आणि पुढे ती प्रोसेसरकडे जाणाऱ्या केबलमधून जाते. कोलोनोस्कोपमध्ये (मोठ्या आतड्याच्या स्कोपमध्ये) हा सगळा प्रवास तीन मीटरच्याही वर जातो. हवा आणि पाण्याच्या नळ्या इतक्या बारीक असतात की बहुतेक स्कोपमध्ये त्यांत ब्रश जातच नाही, नुसतं द्रावण जोराने सोडावं लागतं. फोर्सेप्स (तुकडा काढायचा लांब चिमटा) आत-बाहेर करून नळीच्या आतल्या अंगाला ओरखडे पडतात. ओल राहिली की जंतू त्या ओरखड्यांत चिकट थर धरतात. त्यालाच आपण बायोफिल्म म्हणतो. एकदा तो वाळून घट्ट झाला की जंतुनाशक वरवर फिरून जातं. यातल्या कुठल्याही जागेला टोपीचा किंवा नव्या व्हॉल्व्हचा स्पर्शही होत नाही.

सरांना हिशेबाची भाषा पटत असेल तर हा हिशेब मांडा. पोटातून बाहेर आलेल्या स्कोपवर १ कोटीपासून १,००० कोटीपर्यंत जंतू असतात. हाताने धुतल्यावर ते १०० पटींपासून १० लाख पटींपर्यंत कमी होतात. ही तफावत धुणारा किती नीट धुतो यावर ठरते. त्यानंतरचं उच्च दर्जाच्या जंतुनाशकातून काढणं (हाय-लेव्हल डिसइन्फेक्शन) आणखी १० हजार ते १० लाख पटींनी संख्या उतरवतं. सगळं चांगलं जमलं तर काही उरत नाही. पण स्कोपवर १,००० कोटी जंतू होते आणि घाईत धुतल्यामुळे ते फक्त १०० पट कमी झाले असं धरा. उरले १० कोटी. जंतुनाशकाने त्यांना १० हजार पटींनी कमी केलं तरी १० हजार जंतू शिल्लक राहतात, आणि तोच स्कोप पुढच्या पेशंटच्या पित्तनलिकेशी जातो. जंतुनाशकाची वेळ मशीनने बांधलेली असते, तिला सहसा कुणी हात लावत नाही. वेळ वाचवायची म्हटली की कात्री लागते ती हाताने धुण्याला, आणि १०० पट की १० लाख पट हे तर तिथेच ठरतं.

केसेस वाढवायच्याच असतील तर रास्त मार्ग एकच: जास्तीचा स्कोप घ्या, किंवा धुण्याच्या खोलीत आणखी एक शिकवून तयार केलेला माणूस द्या. हे सरांना तसंच सांगा.

धुण्याचे टप्पे तुम्हाला पाठ आहेत, ते पुन्हा सांगत नाही. घाईत जे तीन मार खातात त्यांच्याबद्दल मात्र बोलते. पहिला बेडजवळचा: स्कोप बाहेर आला की लगेच बाहेरून पुसणं आणि नळीतून द्रावण ओढून घेणं. पुढची केस टेबलावर आली की हे राहतं, स्कोप ट्रेमध्ये पडून राहतो आणि आतलं रक्त, श्लेष्मा वाळतो. हाताने धुणं साधारण तासाच्या आत सुरू व्हायला हवं. उशीर झालाच तर कंपनीच्या सूचनेत उशिराच्या स्कोपसाठी वेगळी, लांबची पद्धत दिलेली असते, ती वापरायची. दुसरी लीक टेस्ट. ती गाळली तर आतून गळणारा स्कोप द्रावणात बुडतो, आणि मग संसर्गाची भीती आणि दुरुस्तीचं बिल दोन्ही एकदम उभं राहतं. तिसरं सुकवणं. सगळ्यात जास्त गळतं ते हेच, कारण तोवर स्कोप 'झालेला' असतो. कपाटात टांगण्याआधी नळ्यांमधून किमान दहा मिनिटं दाबाची हवा गेली पाहिजे. स्कोप टांगून ठेवला म्हणजे तो आपोआप सुकेल असं मानणारी युनिट्स खूप आहेत. एवढ्या लांब, बारीक नळीतलं पाणी नुसतं टांगून निथळत नाही, आणि रात्रभराच्या ओलीत स्यूडोमोनाससारखे जंतू मजेत वाढतात.

आता स्टोअरचा निरोप. इथे मला काहीही अर्धं खरं सापडत नाही.

व्हॉल्व्हचं पाकीट हातात घ्या. त्यावर एका वर्तुळात २ हा आकडा आणि त्यावर तिरकी रेघ दिसेल. दुसऱ्यांदा वापरू नका, असं ते चिन्ह सांगतं. पाकिटाच्या कोपऱ्यात ते इतकं बारीक छापलेलं असतं की स्टोअरच्या माणसाने कधी पाहिलंही नसेल. त्याच्या टेबलावर एक पाकीट नेऊन ठेवा. त्या चिन्हामागे कारण आहे. पुन्हा वापरायच्या वस्तूसाठी ती कशी धुवायची, कशात किती वेळ ठेवायची, किती वेळा चालेल हे कंपनीला तपासून सिद्ध करावं लागतं. एकदाच वापरायच्या वस्तूसाठी अशी कुठलीच पद्धत तपासलेली नसते. तुमचा टेक्निशियन ती कितीही मन लावून धुवो, ती स्वच्छ झाली हे सांगायला आधार नाही.

बायोप्सी व्हॉल्व्ह तर मुद्दाम उघडून बघावा असा आहे. वरून रबराची साधी टोपी दिसते. आत बारीक चीर असलेला पडदा असतो, फोर्सेप्स त्या चिरेतून जातं आणि पडदा त्याच्याभोवती मिटतो, म्हणजे हवा आणि पोटातला द्रव बाहेर उडत नाही. वापरलेला एखादा व्हॉल्व्ह कचऱ्यात टाकण्याआधी हातमोजे घालून, गॉगल लावून कात्रीने उभा कापा आणि टेक्निशियनला दाखवा. चिरेच्या दोन्ही ओठांच्या मधे, जिथे बाहेरून ब्रश पोचत नाही, तिथे काय बसलंय ते त्याला दिसेल. फोर्सेप्स वारंवार गेल्याने चिरेची कड फाटलेलीही असू शकते. असा व्हॉल्व्ह दुसऱ्या केसला लावला की गळतो, आणि गळतो तो डॉक्टरांच्या हातावर, कधी चेहऱ्यावर. एवढं बघितल्यावर कुणाचं ऐकायचं हा त्याचा प्रश्न सुटेल.

तुमच्याकडे सक्शनचे आणि हवा-पाण्याचे काही व्हॉल्व्ह धातूचे, पुन्हा वापरायचे असतील तर ते वापरायला हरकत नाही. ते त्याच कामासाठी बनवलेले आहेत. फक्त ते सुटे करून, दाबून-सोडून घासले पाहिजेत आणि ज्या स्कोपचे त्याच स्कोपबरोबर राहिले पाहिजेत. सगळ्या स्कोपचे व्हॉल्व्ह एका वाडग्यात भिजत ठेवले की पुढे कधी काही निघालं तर कुठला व्हॉल्व्ह कुणाला लागला हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

साठा कमी असेल तर कशाला आधी प्राधान्य द्यायचं, हेही सांगते. फोर्सेप्स, स्नेअर (गाठ कापायचा तारेचा फास), इंजेक्शनची सुई या वस्तू श्लेष्मल त्वचा भेदतात, त्यामुळे तिथे नुसतं जंतुनाशकात बुडवणं चालतच नाही. वस्तू एकदाच वापरायची असेल तर नवी, आणि पुन्हा वापरण्यासाठी बनवलेली असेल तर पूर्ण स्टरिलाइझ केलेली. यात तडजोड नाही. त्यानंतर ईआरसीपीची टोपी, मग बायोप्सी व्हॉल्व्ह. धुण्याचे ब्रशही एकदाच वापरायचे घ्या. केस झडलेला, वाकलेला ब्रश नळी साफ करण्याऐवजी आधीच्या स्कोपची घाण पुढच्यात नेतो. धातूचे चांगले व्हॉल्व्ह असतील तर सक्शन आणि हवा-पाण्याचे डिस्पोजेबल व्हॉल्व्ह सर्वांत शेवटी ठेवले तरी चालेल. टोपी संपली आणि स्कोप काढता येण्याजोग्या टोपीचा असेल, तर ती केस पुढे ढकला. धुतलेली जुनी टोपी लावू नका.

तुमच्या पत्रात स्कोपला पाणी पुरवणाऱ्या बाटलीचा आणि ट्यूबिंगचा उल्लेख नाही. गडबड नेमकी तिथे होते, म्हणून विचारते: तुमच्याकडे उलट प्रवाह अडवणारा व्हॉल्व्ह प्रत्येक पेशंटला बदलतात का? अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या मर्फ्रीसबरो इथल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात कोलोनोस्कोपीच्या पाण्याच्या ट्यूबिंगला एकेरी व्हॉल्व्हच्या जागी दोन्ही बाजूंनी वाहू देणारा जोड लागलेला सापडला. ट्यूबिंग प्रत्येक पेशंटला बदललं जात नव्हतं. २००९ मध्ये हजारो माजी सैनिकांना बोलावून हिपॅटायटिस आणि एचआयव्हीच्या तपासण्या करून घ्यायला सांगावं लागलं. दोन्ही भाग दिसायला सारखे, दोन्ही घट्ट बसतात, आणि पाणीही व्यवस्थित येतं. काही ट्यूबिंगवर २४ तास वापरा असं लिहिलेलं असतं. ते खरं असलं तरी स्कोपकडचा, व्हॉल्व्हसह असलेला छोटा तुकडा बहुधा दर पेशंटला बदलायचा असतो. हे पाकिटातल्या कागदावर लिहिलेलं असतं, खोक्यावर नाही. तुमच्या ट्यूबिंगचा कागद आजच काढून वाचा. बाटलीत निर्जंतुक पाणीच भरा. आणि फेस मोडायला त्या पाण्यात सिमेथिकोन घालायची सवय असेल तर ती मोडा. सिमेथिकोन सिलिकॉनचं असतं, बारीक नळीत त्याचा थर राहतो आणि तो धुण्याने पूर्ण जात नाही. गरज लागेल तेव्हा डॉक्टरांनी बायोप्सीच्या तोंडातून सिरिंजने, कमीत कमी द्यावं.

टोपी लावण्याबद्दल एक सावधगिरी. नीट न बसलेली टोपी प्रोसिजरच्या मधे निसटून आतच राहू शकते. लावल्यावर ती पूर्ण बसली का ते बघा, हलक्या हाताने ओढून बघा, एलिव्हेटर वर-खाली करून बघा. स्कोप बाहेर आला की टोपी टोकावर आहे आणि अखंड आहे, हे बघून बोलून दाखवा, ओटीत स्वॅब मोजतात तसं. एका मॉडेलची टोपी दुसऱ्याला 'बसते' म्हणून लावायची नाही. ती कुठल्या टप्प्यावर काढायची हेही प्रत्येक मॉडेलच्या सूचनेत वेगळं असू शकतं.

संपूर्ण डिस्पोजेबल स्कोपबद्दल सर विचारतील, म्हणून थोडक्यात: असे ब्राँकोस्कोप (श्वासनलिकेचे स्कोप) बऱ्याच वर्षांपासून आहेत, आणि पूर्ण डिस्पोजेबल ड्युओडेनोस्कोपला एफडीएची पहिली परवानगी डिसेंबर २०१९ मध्ये मिळाली. आयसीयूत रात्री-अपरात्री लागणारा ब्राँकोस्कोप, किंवा ज्या पेशंटमध्ये सीआरई आधीच सापडलाय त्याची ईआरसीपी, अशा ठिकाणी त्यांचा विचार करण्यात अर्थ आहे. सगळ्या केसेससाठी तेच घ्या असं मी म्हणणार नाही. त्यांचा खर्च आणि कचरा दोन्ही मोठे आहेत. तुमच्याकडे धुण्याची खोली आणि चांगला टेक्निशियन आहे, तिथेच जोर लावा.

'अडवणूक' या शब्दाचं काय करायचं? तोंडी वाद घालू नका, पेशंटसमोर तर नकोच. एका पानाचं पत्र लिहा: कुठली सूचना, कुणाकडून, कुठल्या तारखेला; पाकिटावरचं चिन्ह आणि कंपनीच्या सूचनेचं पान सोबत जोडा; आणि शेवटी विचारा, 'ही पद्धत बदलायची असल्यास संसर्ग नियंत्रण समितीची लेखी मंजुरी मिळावी.' एकदाच वापरायचा व्हॉल्व्ह धुऊन वापरा असं सही करून द्यायला सहसा कुणी तयार होत नाही. नोंदवहीत स्कोपचा नंबर, पेशंटचा नंबर, धुणाऱ्याचं नाव आणि वेळ असेलच. त्यात टोपी आणि व्हॉल्व्हच्या लॉट नंबरचा एक रकाना वाढवा. पाकिटावरचं स्टिकर चिकटवलं की झालं, लिहावंही लागत नाही.

आता ते पेशंट. तुम्ही विचारलंत हे महत्त्वाचं आहे, पण हा निर्णय तुम्ही एकटीने घ्यायचा नाही आणि मनात ठेवूनही द्यायचा नाही. धुतलेले व्हॉल्व्ह कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत वापरले ते ठरवा, नोंदवहीतून त्या दिवसांचे पेशंट आणि स्कोप यांची यादी काढा, उरलेले धुतलेले व्हॉल्व्ह पाकिटात सील करून बाजूला ठेवा आणि हे सगळं संसर्ग नियंत्रण समितीकडे लेखी द्या. समिती बघेल की त्या दिवसांत स्कोप स्वतः पूर्ण पद्धतीने धुतले गेले होते का, व्हॉल्व्ह कशात आणि किती वेळ बुडवले होते, द्रावणाची ताकद पट्टीने तपासल्याच्या नोंदी आहेत का, त्या काळात कुणाला हिपॅटायटिस बी, सी किंवा एचआयव्ही असल्याचं माहीत होतं का, आणि प्रोसिजरनंतर कुणाला ताप किंवा रक्तात संसर्ग झाला का. कुणाला कळवायचं, कुणाची रक्ततपासणी करायची आणि ती किती महिन्यांनी पुन्हा करायची, हे त्यावरून ठरेल. लगेच केलेली तपासणी निगेटिव्ह आली तरी ती पुरत नाही, हे समितीला माहीत असेल. पेशंटना सांगताना ते वाक्य राहू नये एवढं तुम्ही बघा. कळवायचं ठरलं तर फोन कुणी करायचा हेही तिथेच ठरवून घ्या, म्हणजे तो टेक्निशियनच्या गळ्यात पडणार नाही.